नानांचे अपवाद

माणूस ओळखायला फक्त त्याचा स्टॉप कळावा लागतो, बाकी सगळं आपोआप कळतं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या खान्देशात एकच होता आणि तो नेमका आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर राहायचा. जळगावला पिंप्राळ्यात तळमजल्याला माझं मेडिकल, मागच्या बाजूला आमचं घर, आणि पहिल्या मजल्यावर एस.टी.तून निवृत्त झालेले हे कंडक्टर. बिल्डिंगमधले सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणायची. जळगाव-धुळे आणि जळगाव-चोपडा-शिरपूर या रस्त्यांवर त्यांची उमर गेली. नोकरी संपली, तिकिटांचा ट्रे जमा झाला, गणवेशाची पायपुसणी झाली, पण समोर आलेल्या माणसाला थांब्याप्रमाणे वेगळं काढायची सवय काही जमा झाली नाही. ती घेऊन ते सकाळपासून गॅलरीत फेऱ्या मारायचे. बसून राहणं त्यांना जमायचंच नाही. उभं आयुष्य उभ्याने काढलेल्या माणसाला खुर्ची टोचते, असं ते म्हणायचे, आणि खाली दुकानात मला त्यांच्या स्लिपरांचा आवाज दिवसभर ऐकू यायचा.

त्यांचे सिद्धांत मला पाठ झाले होते. भुसावळचा माणूस एस.टी.त चढला तरी स्वतःला रेल्वेतच समजतो. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली की कंडक्टरकडे असा बघतो की जणू सिग्नल यानेच अडवलाय. पारोळ्याच्या माणसाला खिडकीच पाहिजे, आणि मिळाली की तो ती लावून झोपतो. एरंडोलचा झोपेत पुढे जातो आणि भांडतो मात्र ड्रायव्हरशी. यावलच्या माणसाच्या मांडीवर केळीचा घड असतो आणि त्याला शेजाऱ्याचा कोपर लागला की तंटा पार चोपड्यापर्यंत पुरतो. आणि धुळेकर? "धुळेकराला धुळ्याला उतरायचंच नसतं," नाना सांगायचे, "त्याला त्याच्या गल्लीत, त्याच्या ओट्यासमोर उतरायचं असतं. आणि उतरताना वर तोंड करून म्हणतो, गाडी फार हळू आणली."

माझं माहेर धुळ्याचं. हे त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कफ सिरपची बाटली काउंटरवर जरा जोरात ठेवली. नानांनी लगेच मला मोठ्या मनाने सोडवलं. म्हणाले, तुझं काय माय, तू धुळ्याची वाटतच नाहीस. हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी न वाटणारी धुळेकर म्हणून त्यांच्या खालच्या मजल्यावर नांदले.

पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की नानांच्या ओळखीतला प्रत्येक माणूस असाच कशातून तरी सुटलेला होता. त्यांचा जिवलग मित्र पारोळ्याचा, पण तो 'नावाला पारोळ्याचा'. त्यांचे डोळ्यांचे डॉक्टर भुसावळचे, पण 'शिकायला बाहेर होते ना, म्हणून'. कळस म्हणजे त्यांची बायको. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती चक्क यावल तालुक्यातली. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने कुणाशी आवाज चढवून भांडल्याचं आमच्या बिल्डिंगच्या स्मरणात नाही. मी एकदा विचारलं, नाना, यावलचे लोक जर इतके भांडखोर, तर अक्का? त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, तिचं आजोळ चोपड्याचं होतं. आत भाकरी थापणाऱ्या अक्का फक्त हसल्या. म्हणजे हिशोब असा, की नियमात बसणारा माणूस नानांना आयुष्यात कधी नीट भेटलाच नव्हता, भेटले ते सगळे अपवाद. तरीही नियम कसा ठणठणीत. उलट जितके अपवाद वाढत, तितके नाना अधिक खुशीत असत. स्वतः न्यायी असल्याचा तो पुरावाच होता त्यांच्याकडे.

चूक झाली तर ती दुरुस्त करायचीही त्यांची एक पद्धत होती. एकदा एक बाई पोराचं तापाचं औषध घ्यायला आली. नाना दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसले होते. बसले म्हणजे टेकले होते. तिच्या बोलण्यावरून त्यांनी माझ्याकडे बघून हळूच सांगितलं, पारोळा. मी मुद्दाम बाईला गाव विचारलं. ती म्हणाली, पाचोरा. नाना म्हणाले, सासर असेल. माहेरही पाचोराच निघालं. मग ते आईच्या माहेरावर गेले. बिचारी बाई, पोर कडेवर रडतंय आणि हा म्हातारा तिची वंशावळ खणतोय. शेवटी तिच्या आजीची कुणी मावशी पारोळ्याला दिली होती असं निघालं, तेव्हा नाना समाधानाने उठले. "माले बठ्ठं माहीत शे," असं सगळं ठाऊक असल्याच्या थाटात म्हणत जिना चढून गेले. बाई मला विचारायला लागली, हे सरकारी सर्वेचे होते का.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक गोष्ट मात्र तशी नव्हती. चोपडा-शिरपूर रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याला एक फाटा आहे. आत डोंगरात आदिवासी पाडे आहेत, तिथली माणसं त्या फाट्यावर गाडीत चढतात. या फाट्याचं नाव निघालं की नानांचा विनोद आटायचा. 'फाट्यावरचे' एवढंच म्हणायचे आणि हात झटकायचे. याला कारण होतं आणि ते कारण त्यांनी मला कमीत कमी वीसेक वेळा तरी ऐकवलं असेल. तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा चिमटा एकदा गाडीत हरवला. नेमका फाट्यावर चार माणसं उतरल्यावर हरवला. नानांनी पुढच्या स्टँडवर बोंब मारली, डेपोत सांगितलं, बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना तो चिमटा ड्रायव्हरच्या सीटखाली, नानांच्याच जेवणाच्या पिशवीमागे सापडला. हेही नाना स्वतःच सांगायचे, अगदी प्रामाणिकपणे. चिमटा सापडला, पण मत काही त्यांनी परत केलं नाही. ते म्हणायचे, त्या दिवशी नसेल नेला, पण नेला असता.

अक्का गेल्या आणि नानांच्या फेऱ्या वाढल्या. मग एका सकाळी वरून मोठा आवाज आला आणि स्लिपरा थांबल्या. मी धावत गेले तर नाना मोरीत पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुण्याहून मुलगा आला. तो चांगला मुलगा आहे, घाईतला आहे, पण चांगला आहे. त्याने स्पष्ट सांगितलं, दिवसरात्र जवळ राहणारा माणूस मिळाला तर नाना इथे राहतील, नाहीतर माझ्याबरोबर पुण्याला. हे ऐकून पलंगावर पडलेल्या नानांचा चेहरा जो उतरला, तो मी आधी फक्त अक्कांच्या वेळी पाहिला होता. मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. तिथं बाराव्या मजल्यावर मी काय करू, म्हणाले. खालून जाणारा माणूस मुंगीएवढा दिसतो. मला तिथे कुणी ओळखत नाही आणि मी कुणाला ओळखत नाही. मला इथेच मरू दे. मी म्हटलं, मरायचं नंतर बघू, आधी माणूस बघू.

दुकानामुळे अशी माणसं माझ्या ओळखीची असतात. पहिला आणला तो भुसावळचा. नानांनी त्याला दुसऱ्या दिवशीच घालवला, का तर तो सारखा घड्याळ बघतो. दुसरा एरंडोलचा. तो दुपारी नाना झोपल्यावर झोपला, हा त्याचा गुन्हा. तिसऱ्याचं तर नानांनी गावच ऐकून घेतलं, बाकी काही ऐकलं नाही. मुलाचा रोज फोन. मी चिडले. मी नानांना सांगितलं की आता जो येईल तो शेवटचा, त्यानंतर मी स्वतः तुमची बॅग भरून देईन.

तो शेवटचा दिलीप. तिशीतला, काटक, कमी बोलणारा. आधीच्या पेशंटच्या घरचे त्याचं नाव काढत होते. नानांनी पलंगावरूनच विचारलं, कुठला? दिलीपने फाट्याचं नाव सांगितलं. मी दारातच उभी होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. बॅगेचा विषय दोघांच्याही डोक्यात होता. नानांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी औषधं द्यायला गेले तर कपाटाची किल्ली त्यांच्या उशीखाली होती, पाकीट पोटाशी, आणि डोळे टक्क उघडे.

पहिले पंधरा दिवस त्या माणसाने काय केलं म्हणजे चुकत नाही, हे मलाच कळेना. गप्प राहिला की नाना म्हणत, याच्या मनात काहीतरी चाललंय. बोलला की म्हणत, गोड बोलतोय, मतलब असेल. किल्ली खाली पडलेली त्याने उचलून दिली, तर मला खाली फोन करून सांगितलं की किल्ली कुठे असते ते आता त्याला कळलं. मी एकदा वैतागून विचारलं, नाना, तो नुसता उभा राहिला तर चालेल का? त्यावर खरोखर विचार करून ते म्हणाले, कुठं उभा राहतो त्यावर आहे.

पण रोज कुणी अंग पुसतं, पाय धरून व्यायाम करून घेतं, रात्री हाक मारायच्या आत उठतं, त्या माणसावर चोवीस तास संशय घ्यायलाही ताकद लागते. नानांची कमी पडायला लागली. किल्ली उशीखालून टेबलावर आली. मग दोघं गॅलरीत दिसायला लागले, नाना वॉकर धरून आणि दिलीप मागे. एका दुपारी मी वर गेले होते. दिलीप लिंबू कापत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "नाना, मी शाळेला तुमच्याच गाडीने जायचो असेन. फाट्यावरच्यांना मागेच का बसवायचे?"

नाना म्हणाले, "बोचकी असायची ना तुमची. पुढं अडचण व्हायची."

"माझ्याकडं बोचकं नव्हतं. दप्तर होतं."

नाना मायेने म्हणाले, "तुझी गोष्ट निराळी रे. तू त्यातला नाहीस."

"मी त्यातलाच आहे, नाना. घर तिथंच आहे माझं," दिलीप म्हणाला आणि सरबत त्यांच्या हातात दिलं.

मला वाटलं, आता काहीतरी हलेल. काही हललं नाही. नानांनी सरबत प्यायलं आणि त्याच संध्याकाळी भेटायला वर आलेल्या शेजाऱ्याला कौतुकाने सांगितलं की फाट्यावरचा असून पोरगा एक नंबर आहे. दिलीप मागे उभा होता. तो मला नंतर म्हणाला, ताई, म्हातारा चांगला आहे. मी म्हटलं, हो, तो चांगला आहे, हीच अडचण आहे.

मग होळी आली. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, आणि त्या वर्षी दिलीपच्या घरचा नवस होता. कमरेला घुंगरं बांधून नाचायला त्यालाच उभं राहायचं होतं. आठवडाभर जावं लागणार होतं. त्याने महिनाभर आधी सांगितलं आणि सोयही स्वतःच लावली. त्याचा धाकटा भाऊ चोपड्याला दवाखान्यात काम केलेला, पेशंट उचलण्याची सवय असलेला. तो होळी सोडून आठ दिवस नानांजवळ राहायला तयार होता. मी मुलाला कळवलं, मुलगा खूश. नानाही हो हो म्हणाले, बघू म्हणाले. बघू म्हणजे होच, असं मी आणि दिलीपने धरलं.

जायच्या दिवशी दुपारी भाऊ आला. नवा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात कपड्यांची पिशवी. दिलीपने त्याला दुकानासमोरच्या बाकावर बसवलं, म्हणाला, आधी वर जाऊन सांगतो. मीही त्याच्या मागोमाग गेले, गोळ्यांच्या वेळा समजावून द्यायला.

दिलीपने नानांना सांगितलं की आता निघतो, भाऊ राहील. नानांनी पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, नको. दिलीप म्हणाला, आठ दिवसांचाच प्रश्न आहे. नाना म्हणाले, "हे बघ, तुझ्यावर माझा जीव आहे. पण तुझ्या भावाचं मला काय माहीत?"

"माझं तरी काय माहीत होतं, नाना?"

"तू येगळा शे. तू निराळा."

दिलीपने नानांच्या पायाखालची उशी सरळ केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि जिना उतरला. मी नानांना जे बोलायचं ते बोलले. बॅगेचीही आठवण दिली. पुण्याचा मुलगा काय करेल तेही सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना पुण्याला जायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. इथे राहण्यासाठी त्यांनी किल्लीसुद्धा टेबलावर ठेवली होती. पण एक माणूस नियमातून सोडवून घेताना ते दमले होते. दुसरा सोडवायचा म्हणजे मग फाट्यावर उरलं कोण?

खाली आले तर दिलीप भावाला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत होता. दोन वाक्यं असतील. भावाने मान हलवली आणि पिशवी उचलली. त्याला नवल वाटलं नाही. माझं डोकं सटकलं ते त्यामुळे. मी जेवून जा म्हणून मागे लागले, तर दोघं चहावरच थांबले, चोपड्याची गाडी धरायची होती. पाच वाजून गेले होते.

रविवारपर्यंत मीच वर-खाली केलं, मग मुलगा गाडी घेऊन आला. आठ दिवसांसाठी म्हणून नानांना घेऊन गेला. मी बॅग भरली नाही, त्यानेच भरली. होळीनंतर ठरल्या दिवशी दिलीप परत आला, वर जाऊन कुलूप बघून आला, नानांचा व्यायाम कोण घेतं ते त्याने विचारलं, आणि पुढच्याच आठवड्यात रिंग रोडला एका वकिलांच्या आईजवळ कामाला लागला. पुण्याचे आठ दिवस अजून संपलेले नाहीत. वरच्या जागेला आता भाडेकरू शोधतायत.

नानांचा फोन दुपारी येतो, दुकानात गर्दी नसते तेव्हा. तिथे त्यांना चैन नाही. बाल्कनीला जाळी आहे, लिफ्टमध्ये कुणी तोंड उघडत नाही, त्यामुळे कुणाचं गाव कुठलं ते कळायला मार्ग नाही. बाजूच्या ब्लॉकमधल्या बाईंनी जळगाव ऐकल्यावर पहिलंच विचारलं की तुम्हाला आमटी सपक लागत असेल ना. नाना दुखावले होते. "मला तिखट चालतच नाही, अल्सर आहे," मला म्हणाले, जणू मीच आरोप केला होता.

परवा त्यांनी विचारलं, दिलीप भेटतो का. मी म्हटलं, भेटतो, औषधं न्यायला येतो. मग सहज म्हणाले, त्याचा भाऊ खरंच आला असता का आठ दिवस? होळी सोडून?

मी म्हटलं, आला असता काय, आला होता. तुम्ही वर नको म्हणालात तेव्हा तो खाली बाकावर बसला होता, पिशवी घेऊन.

नानांनी विचारलं, किती वाजता गेले. मी सांगितलं, पाच वाजून गेले होते. ते हिशोब करायला लागले, तोंडातल्या तोंडात, जुन्या सवयीने. चोपड्याला गाडी बदलायची. शिरपूरची मिळाली असेल सातच्या पुढे. म्हणजे फाटा येईपर्यंत अंधार. "अंधार पडल्यावर तिथं गाडी उभी करत नाहीत," ते म्हणाले. "पुढच्या गावाला उतरवतात. तिथून मागं चालत यावं लागतं." मी विचारलं, का उभी करत नाहीत? ते म्हणाले, "आम्ही नाही करायचो."

मग एकदम गावाकडच्या बोलीत, हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "जेवना व्हता का तो?"

मी खरं ते सांगितलं. नाही जेवला म्हटलं, नुसता चहा घेतला.

फोन चालूच होता. त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. काउंटरवर गिऱ्हाईक येऊन चिठ्ठी पुढे करत होतं. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि फोन कानाला तसाच धरून राहिले.